सतराव्या रेघेवरचा धूर

१

गुरुवारी सकाळी आठ वाजता रंगनाथरावांनी समुद्राचा तळ पुन्हा एकदा उलगडला, आणि काल दुपारी पाहिलेला धूर त्यांना कुठेच सापडला नाही.

तळ अर्थातच कागदावरचा होता. मुंबईपासून दूर पश्चिमेला, आजवर कोणी तेलाची विहीर खणली नव्हती इतक्या खोल पाण्यावरून, एक जहाज सरळ रेघेत चालत असे. ते दर क्षणाला पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडी. तळावरून आणि तळाखालच्या चिखलाच्या थरांवरून तो ठोका परत येई, आणि यंत्राची सुई त्याची खूण ओलसर तपकिरी कागदावर उमटवी. असे हजारो ठोके शेजारी शेजारी बसले की समुद्राच्या पोटाचे चित्र तयार होई. एका रेघेची एक गुंडाळी. गुंडाळीवर ठरावीक अंतराने एक, दोन, तीन अशा खुणांचे आकडे असत.

हे चित्र वाचण्यात रंगनाथरावांची तीस वर्षे मुंबईतल्या एका खासगी मोजणी कंपनीत गेली होती. पुढे छातीचा विकार जडला. डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितले, आणि ते कोल्हारला आपल्या गावी परतले. कंपनीने मात्र त्यांना सोडले नाही. ओल्या गुंडाळ्या मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरत, नगरच्या हवेत त्या दिवसभरात वाळत. त्यामुळे पत्र्याच्या नळकांड्यांत बंद केलेला समुद्र रेल्वेने श्रीरामपूरला उतरे, तिथून एस.टी.च्या टपावर बसून कोल्हारला येई, आणि प्रवरेच्या काठावरच्या या घरात हळूहळू कोरडा होई.

काल, म्हणजे बुधवारी दुपारी, सतराव्या रेघेच्या गुंडाळीवर रंगनाथरावांना धूर दिसला होता. पाटासारख्या सपाट तळातून एक फिकट, डोलणारी रेषा पाण्यात वर चढत होती, सांजवेळी शेतातल्या खोपटावरून चुलीचा धूर निघावा तशी. आणि तिच्या बरोबर खाली चिखलाचे सगळे थर पुसल्यासारखे कोरे होते.

त्यांनी चष्म्याची काच पुसली. चाळिसाव्या खुणेपासून पंचेचाळिसाव्यापर्यंत बोट फिरवले. तळ शांत होता, थर सलग होते.

मग त्यांनी शेजारची, अठराव्या रेघेची गुंडाळी उघडली. धूर तिथे होता.

"चांगुणा," त्यांनी बहिणीला हाक मारली. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "सहादेवला निरोप धाड. म्हणावं, माझी एक जागा चोरीला गेली आहे."

२

सहादेवराव भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार होते. गावात त्यांना सारे मोजणीदारच म्हणत. ते आणि रंगनाथराव तंत्रनिकेतनात एकाच बाकावर बसून भूमापन शिकले होते. पुढे एक जमिनीकडे गेला, दुसरा पाण्याकडे. साखळी, खुंट आणि पोलादी पट्टी यांच्या सोबतीत सहादेवरावांचे आयुष्य गेले होते. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू काय म्हणतात ते ते पुरते ऐकून घेत, आणि मग त्यांतले काहीही खरे न धरता मोजायला लागत.

"आता सावकाश सांग," ते म्हणाले. "अठराव्या रेघेवर धूर आहे. तू म्हणतोस तो सतरावीवर होता. फरक काय पडतो?"

"एका मैलाचा." रंगनाथरावांनी खिडकीबाहेर पाहिले. दुपारच्या उन्हात उसाचा फड हलत होता, आणि त्यांच्या डोळ्यांत तो पाण्याखालच्या गवतासारखा डोलत होता. "दोन रेघांमध्ये एक मैल आहे. खोदायचं ठिकाण सतराव्या रेघेवर, त्रेचाळिसाव्या खुणेपाशी ठरलं आहे. धूर अठरावीवर असेल तर सगळं ठीक. सतरावीवर असेल तर खाली, चिखलात फार खोल नाही, वायूची पिशवी आहे. तिची गळती पाण्यात वर येते, तोच तो धूर. खोदकामाच्या सुरुवातीला विहिरीला ना नळ्यांचा आधार असतो, ना वर झाकण. खोदणारी छिन्नी त्या पिशवीत शिरली की वायू उसळतो. जहाजाखालचं पाणी फेसासारखं हलकं होतं, जहाज बसतं. एक ठिणगी पडली तर पेटतंही."

"जहाजावर माणसं किती?"

"सत्तरएक. शनिवारी पहाटे नांगर पडेल, दुपारी छिन्नी उतरेल. मुंबईला उद्या संध्याकाळपर्यंत तार पोचली, तरच तिथून बिनतारी संदेश वेळेत जाईल." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले. "जहाजावरच्या माणसांत एक आपल्या जैनुद्दीनचा भाऊ आहे. नूरमहंमद. जोडारी करतो."

जैनुद्दीन हा रंगनाथरावांचा आरेखक. श्रीरामपूरचा. गुंडाळ्या चिकटवणे, नकाशे शाईने गिरवणे हे त्याचे काम.

"तुझं म्हणणं कोणाला पटत नाही, एवढंच ना?"

"गोरक्ष म्हणतो, मी काल अठरावी गुंडाळी पाहिली आणि सतरावी समजलो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. दुपारी खुर्चीतच डोळा लागतो, हेही खोटं नाही. आणि सहादेव, डोळा लागला की मी खालीच असतो. चिखलावरून चालत असतो. माशांची सावली माझ्या अंगावरून जाते." ते कसनुसे हसले. "आज सकाळी मीही जवळजवळ मान्य केलं, की मला स्वप्न पडलं असावं."

सहादेवरावांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"गोरक्ष कोण?"

"मीच साहेब," दारातून आवाज आला. "आणि ते ठिकाण मीच निवडलं आहे. तेव्हा संशय माझ्यापासूनच सुरू करा."

३

गोरक्ष साबळे तिशीच्या आतला अभियंता होता. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावातून शिष्यवृत्तीवर शिकत तो मुंबईच्या कंपनीपर्यंत पोचला होता. ठिकाणाच्या शेवटच्या तपासणीसाठी सतरावी गुंडाळी घेऊन तो रविवारी आला होता, आणि अहवालावर रंगनाथरावांची सही घेऊन परत जाणार होता. त्याचे बोलणे स्वच्छ होते आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती.

"हे माझं पहिलं ठिकाण," तो ओसरीवर बसत म्हणाला. "दीड वर्ष घासलं आहे यावर. काकांविषयी मला आदर आहे, पण आदरापोटी सत्तर माणसांचं जहाज महिनाभर थांबवता येत नाही."

"काल काकांनी धुराची गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"मासे असतील म्हणालो. माशांचा थवा कागदावर असाच दिसतो."

"कोणत्या रेघेवर, ते विचारलंत?"

"सतरावीवर म्हणाले ते. मी उठून पाहिलं नाही. चहा पिऊन मी नदीकडे गेलो."

"सोमवारी कुठे होतात?"

"श्रीरामपूरला. अठरावी गुंडाळी रेल्वेच्या पार्सलात अडकली होती. सकाळच्या गाडीनं गेलो, दिवे लागायला आलो. का?"

"सवय," सहादेवराव म्हणाले. "चतुःसीमा आधी लिहून घेतो."

जैनुद्दीन आतल्या खोलीत शाईची दौत धूत होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोटांवर काळे डाग.

"जैनूभाई, या गुंडाळ्यांवर इतके जोड का?"

"आता बघा मोजनीदार साहेब, इलायतेत म्हनं मोठा पिंप असतो, त्याच्यावर अख्खा कागद वाळतो. हितं कुठला पिंप? हितं बाजा हायेत." तो हसला. "एका बाजंवर पाच खुना बसत्यात. म्हून दर पाच खुनंला कापायचा, बाजंवर वाळवायचा, आन् वाळला की म्या परत चिकटवायचा. रावसाहेबांचीच रीत हाय ही. मुंबईवाले नाक मुरडत्यात, पर चालतंय."

"कशानं चिकटवता?"

"मैद्याची खळ. मोरचूद घालतो तिच्यात, न्हाईतर कसर लागती. निळसर दिसती बघा जोडाला."

"सोमवारी तुम्ही इथंच होता?"

"व्हय. बाजा म्याच हलवल्या. सतरावीचं वाळवन चांगुणाआक्कांनी आन् म्या मिळून घातलं. सायेब श्रीरामपूरला गेल्ते." त्याने दौत पालथी घातली. "तुमाला वाटतंय का कागद बदलला कुणी? जोड तर माझ्याच हातचे. मग नाव माझंच येनार की."

"तुमचा भाऊ त्या जहाजावर आहे."

"साबळे सायबांनीच लावला त्याला. दोन वरीस घरी बसून हुता. ह्या मानसानं चिठ्ठी दिली, आठ दिसांत काम." तो खाली पाहत म्हणाला. "म्या कागद बदलून माझ्याच भावाखाली जाळ लावीन व्हय?"

"नाही," सहादेवराव म्हणाले. "पण बदलणाऱ्याला हे ठाऊक असेल, आणि तरी त्यानं बदलला असेल, तर तो कशावर विश्वास ठेवून बसला आहे, हे मला समजायला हवं."

जैनुद्दीनने मान वर केली. सहादेवराव तोवर टेबलापाशी पोचले होते, आणि सतराव्या गुंडाळीचा चाळिसाव्या खुणेजवळचा जोड नाकाजवळ धरून हुंगत होते.

४

खळीला आंबूस वास येतो. या जोडाला तो नव्हता. उजेडात धरला तर निळसर झाकही नव्हती. जोड पिवळट, काचेसारखा कडक होता. टेबलावरच्या बाटलीतला डिंक.

सहादेवरावांनी दोन्ही गुंडाळ्यांवरचा एकूण एक जोड तपासला. त्याला दीड तास लागला. रंगनाथराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि तपकिरी कागद टेबलावरून सरकताना खोलीत लाटेसारखा मंद आवाज होत होता. सहादेवरावांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी हाताखालून तळ सरकू लागला तसे त्यांना वाटले, की आपण नांगरलेल्या रानावरून चालतो आहोत, रानावर आकाशाइतके पाणी आहे, आणि त्या पाण्यात कोणाचीही हाक पोचत नाही.

डिंकाचे जोड चारच निघाले. सतरावीवर चाळीस आणि पंचेचाळीस. अठरावीवरही चाळीस आणि पंचेचाळीस.

"रंगनाथ, प्रत्येक रेघेवर आकडे नव्यानं एकपासून सुरू होतात?"

"होतात."

"म्हणजे या रेघेचा तुकडा त्या रेघेत बसवला तरी आकडे बरोबर जुळतील. आणि थर?"

"तिथला तळ इतका सपाट आहे, की जोड देवालाही दिसायचा नाही." रंगनाथरावांनी डोळे उघडले. "अदलाबदल!"

"झाली आहे, एवढं नक्की. पण मुंबई काय म्हणेल? म्हणेल, जैनूभाईनं सुरुवातीला चुकीचे तुकडे लावले होते, कोणीतरी नंतर चूक दुरुस्त केली. म्हणजे धूर मूळचा अठरावीचाच. हा तुकडा जन्मला कुठं, हे कागदानंच सांगायला हवं."

त्यांनी पट्टी उचलली आणि कागदाची रुंदी मोजायला सुरुवात केली. वाळलेल्या कागदाच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, डोळ्यांना काही कळत नव्हते. प्रत्येक तुकडा त्यांनी तीन ठिकाणी मोजला आणि वहीत लिहिला. उन्हे कलली तेव्हा वहीत एक विचित्र गोष्ट उतरली होती. सतरावी गुंडाळी सगळीकडे एका रुंदीची होती, फक्त चाळीस ते पंचेचाळीस हा तुकडा एक सूत अरुंद होता. अठरावी गुंडाळी सगळीकडे त्याच अरुंद मापाची होती, फक्त धुराचा तुकडा एक सूत रुंद होता.

"यंत्र एक, कागद एकाच कारखान्याचा," रंगनाथराव पुटपुटले. "रुंदीत फरक येईलच कसा?"

चांगुणाबाई चहा घेऊन आल्या होत्या. पदराने कपाळ पुसत त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

"सहादेवभाऊ, काय मोजताय दुपारधरनं? कुरडयाचं वाळवन असं मोजीत बसले तर वरीस जाईल की."

सहादेवरावांचा पेला ओठांपाशीच थांबला.

"आक्का, सतरावी गुंडाळी कुठं वाळवलीत?"

"ती व्हय? सोमवारी. गच्चीवर माझ्या कुरडया हुत्या, जागा कुठं हुती? मंग ह्या ओसरीत सावलीला घातली. सांजपातूर लागली तिला, दिवे लागायच्या आत गुंडाळून ठिवली."

"आणि अठरावी?"

"मंगळवारी कुरडया निघाल्या, मंग ती वर गच्चीवर. खाली धोतर, वर धोतर. दादा म्हनतो कागदाला उजेड लागला की काळवंडतो. पर धोतराखालनं ऊन लागतंच की. दुपारपातूर कडक." त्या हसल्या. "उनात वाळलेलं जरा जास्तच आकसतं, भाऊ. ह्ये तुमाला कालेजात शिकवलं न्हाई का?"

सहादेवरावांनी पेला खाली ठेवला आणि वही पुन्हा उघडली. त्या गोंधळल्या.

"का? माझं काई चुकलं का?"

"नाही आक्का," सहादेवराव सावकाश म्हणाले. "चूक दुसऱ्याची झाली आहे. सोमवारी घरात नसलेल्या माणसाची."

५

शुक्रवारी सकाळी गोरक्ष अहवालाची टंकलिखित प्रत आणायला श्रीरामपूरला गेला होता. तो एकच्या गाडीने परतला, तेव्हा चौघेही टेबलाभोवती बसले होते. टेबलावर दोन्ही गुंडाळ्या शेजारी शेजारी उलगडलेल्या होत्या.

"बसा," सहादेवराव म्हणाले. "साडेतीनला परत श्रीरामपूरची गाडी आहे. तोवर माझं बोलून होईल."

त्यांनी आवाज न चढवता सारे सांगितले. डिंकाचे चार जोड. सावलीत वाळलेला रुंद कागद, उन्हात आकसलेला अरुंद कागद. अरुंद गुंडाळीत बसलेला धुराचा रुंद तुकडा.

"तेव्हा धूर सतराव्या रेघेचा आहे. रंगनाथनं जे पाहिलं ते जागेपणी पाहिलं. आता प्रश्न असा, की कोणता तुकडा बदलायचा हे कोणाला कळेल? ज्याला समुद्र वाचता येतो त्याला. या घरात असे दोघे. रंगनाथला बदलायचा असता तर त्यानं मला बोलावलं नसतं. आणि जैनूभाईनं बदलला असता, तर त्यानं खळ वापरली असती. शिवाय वाळवण त्यानंच घातलेलं. रुंदी जुळणार नाही, हे त्याला आधीच दिसलं असतं. हे ठाऊक नसलेला माणूस एकच. बुधवारी दुपारी रंगनाथचा डोळा लागला, आक्का गच्चीवर होत्या, जैनूभाई घरी गेले होते. तुम्ही नदीवर गेलात म्हणता. खोली मोकळी होती."

गोरक्षने अहवालाचे पाकीट मांडीवर ठेवले. ते नीट चौकोनात बसावे म्हणून त्याने ते दोनदा सरकवले.

"मासे होते ते," तो म्हणाला.

"मासे पाण्यात असतात," रंगनाथराव हळूच म्हणाले. "मग खालचा चिखल कोरा का झाला, गोरक्ष? तूच सांग. मीच शिकवलं आहे तुला."

बाहेर उसातून वारा गेला.

"वायू आवाज गिळतो," गोरक्ष अखेर म्हणाला. "म्हणून कोरा." मग त्याचे शब्द भराभर बाहेर पडले. "मला माहीत नव्हतं, असं नाही म्हणणार मी. मला माहीत व्हायला नको होतं. मुंबईला साहेबांनी सांगितलं होतं, ठिकाण हललं तर पुढच्या हंगामाचं काम दुसऱ्या माणसाकडे. मी तुकडा हातात घेतला तेव्हा वाटलं, एकच मैल तर सरकवतो आहे. जाळता आला असता. काडेपेटी खिशातच होती. नाही जाळवला."

"म्हणून तर मी तुमच्याशी बोलायला बसलो," सहादेवराव म्हणाले. "नाहीतर फौजदाराशी बोललो असतो."

जैनुद्दीन उठून उभा राहिला होता. त्याचे हात टेबलाच्या कडेवर होते, बोटांची टोके पांढरी पडली होती.

"सायेब," तो म्हणाला, "ईदीला नूरमहंमदनं तुमच्यासाठी शिरखुर्म्याचा डबा आनला हुता. तुमी घरी नव्हता, तर शेजारी ठिवून आला. म्हनला, साबळे सायेब म्हंजी माझा मोठा भाऊ. तुकडा हातात व्हता तवा त्याचं त्वांड आलं का न्हाई तुमच्या म्होरं?"

"आलं," गोरक्ष म्हणाला.

"आन् तरी?"

गोरक्षने मांडीवरचे पाकीट उचलून टेबलावर ठेवले.

चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. रंगनाथरावांनी तारेचा कोरा कागद पुढे ओढला आणि थांबले.

"माझ्या सहीनं तार गेली तर मुंबई काय करील? म्हणेल, म्हाताऱ्याच्या ओसरीत कागद आकसतात, जोड चुकतात, त्याला स्वप्नं पडतात. चौकशीला माणूस पाठवतील. तो सोमवारी येईल."

"आणि छिन्नी उद्या उतरेल," सहादेवराव म्हणाले. "बरोबर. माझी पट्टी इथं खरी आहे. मुंबईत तिला कोण विचारतो?"

कोणीच गोरक्षकडे पाहिले नाही. तरी सगळे त्याच्याचकडे बघत असल्यासारखा तो उठला.

"ठिकाण ज्याचं, त्यानंच मागे घेतलं तर जहाज थांबतं," तो म्हणाला. "नियम आहे तसा. कारण मात्र लिहावं लागतं." त्याने रंगनाथरावांकडे पाहिले. "कारण लिहिलं की मला पुन्हा कोणी कागदाला हात लावू देणार नाही, काका."

रंगनाथरावांचे डोळे भरून आले होते. या मुलाला त्यांनी समुद्र वाचायला शिकवले होते. एक दयाळू वाक्य त्यांच्या ओठांवर आले, आणि ते त्यांनी गिळले.

"हो," ते म्हणाले. "नाही देणार."

६

साडेतीनच्या गाडीत गोरक्ष आणि जैनुद्दीन एकाच बाकावर बसले. दुसरी जागा नव्हती. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मोकळी राने आळीपाळीने सरकत होती. मधेच गोरक्षला वाटले, की गाडी चालतच नाही, ती पाण्याच्या तळाशी टेकली आहे आणि वरून कोणीतरी ठोके देत आहे. जैनुद्दीनने खांद्याला हात लावून त्याला जागे केले. श्रीरामपूर आले होते.

तारमास्तरने मजकूर नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. 'सतराव्या रेघेची नोंद मी हेतुतः बदलली. ठरलेल्या ठिकाणाखाली वायू आहे. नांगर टाकू नये. साबळे.' वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. त्याने चष्म्यावरून दोघांकडे पाहिले.

"हेतुतः असंच ठेवायचं?"

"तसंच," गोरक्ष म्हणाला.

शनिवारी दुपारी उत्तर आले. नांगर पडला नव्हता. जहाज दोन मैल उत्तरेला सरकले होते. उजाडताच ठरलेल्या ठिकाणी पाण्यावर वायूसोबत वर आलेल्या तेलाचा सप्तरंगी तवंग पसरलेला दिसला होता, आणि रॉकेलसारखा वास येत होता. तारेच्या शेवटी साबळे यांनी मुंबईत हजर व्हावे, असा हुकूम होता.

रंगनाथरावांनी तार दोनदा वाचून घेतली. तवंगाच्या ओळीशी ते थांबले. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना कसलेही स्वप्न न पडता झोप लागली.

रविवारी गोरक्ष ट्रंक घेऊन निघाला. निरोप घ्यायला तो खोलीत आला तेव्हा टेबलापाशी जैनुद्दीन एकटाच होता. चारही जोड त्याने ओल्या फडक्याने सोडवले होते, तुकडे आपापल्या रेघेत परत लावले होते, आणि जोडांवर खळीची निळसर झाक होती. सतराव्या रेघेवर, बेचाळीस आणि चव्वेचाळीस या खुणांच्या मध्ये, तो धूर पुन्हा वर चढत होता.

गुंडाळीवर काय दिसले, ते वाचणाऱ्याने शिसपेन्सिलीने लिहायचे आणि आरेखकाने ते शाईने गिरवायचे, अशी त्या खोलीतली रीत होती. धुराशेजारची जागा अजून कोरी होती. गोरक्षने सवयीने पेन्सिल उचलली.

जैनुद्दीनने ती त्याच्या हातून काढून घेतली. शाईची दौत उघडून पुढे सरकवली आणि टाक त्याच्या समोर धरला.

"ह्या खेपेला म्या गिरवनार न्हाई," तो म्हणाला. "शाईनं तुमीच लिवा."

गोरक्षने ट्रंक खाली ठेवली. मग कोऱ्या चिखलाच्या शेजारी त्याने वळणदार अक्षरात लिहिले: वायू. आणि त्याखाली स्वतःचे पूर्ण नाव.